विदा क्रमिकीकरण आणि क्वेरी सर्व्हर

विदा क्रमिकीकरण किंवा डेटा सीरियलायझेशन म्हणजे संगणकाच्या मेमरीत निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली विदा सलग बाइटांच्या एका मालिकेत मांडण्याची क्रिया होय. ही मालिका नेटवर्कवरून पाठवता येते किंवा फाइलीत साठवता येते. दुसऱ्या टोकाला तिच्यावरून मूळ रचना पुन्हा उभी केली जाते. या उलट क्रियेला विक्रमिकीकरण म्हणतात, प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'उलगडणी' हा सोपा शब्द वापरला आहे. मालिकेतील बाइटांचा क्रम व अर्थ ठरवणाऱ्या नियमांच्या संचास क्रमिकीकरण स्वरूप म्हणतात. जेसन, एक्सएमएल, सीएसव्ही, प्रोटोकॉल बफर्स, मेसेजपॅक, बीसन, अपाचे ॲरो ही त्यांपैकी प्रचलित स्वरूपे होत.

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे म्हणजे क्वेरीचे उत्तर देणाऱ्या सर्व्हरसाठी स्वरूपाची निवड विशेष महत्त्वाची ठरते. उत्तर शोधण्यास लागणाऱ्या वेळाचा विचार सर्वत्र होतो. सापडलेले उत्तर बांधून पाठवण्याचा खर्च मात्र पुष्कळदा हिशेबात धरला जात नाही. उत्तर काही ओळींचे असेल तर हा खर्च नगण्य असतो. ते लाखो ओळींचे असेल तर तो शोधाच्या खर्चापेक्षा मोठा होऊ शकतो आणि अशा वेळी सर्व्हरची मेमरी संपून तो बंद पडण्याचाही धोका असतो.

खर्च कोठे पडतो

एखादे स्वरूप 'हलके' किंवा 'जलद' आहे असे म्हटले जाते तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. पहिली, सर्व्हरवर उत्तराची मालिका तयार करताना लागणारी मेमरी. दुसरी, ती तयार करण्यात आणि पुढे उलगडण्यात खर्च होणारा प्रोसेसरचा वेळ. तिसरी, नेटवर्कवरून जाणाऱ्या बाइटांची संख्या. चौथी, उलगडणीनंतर क्लायंटच्या मेमरीत विदेने व्यापलेली जागा. या चारही गोष्टी एकाच दिशेने हलत नाहीत. संपीडनाने नेटवर्कवरील बाइट घटतात, पण प्रोसेसरचे काम वाढते. लांबलचक मजकुरी स्वरूपात सर्व्हरला ओळीमागून ओळ लगेच सोडता येते, त्यामुळे त्याची स्वतःची मेमरी कमी लागू शकते. आटोपशीर द्विमान स्वरूपात कधी कधी पुढच्या भागाची लांबी आधीच माहीत असावी लागते व त्यासाठी तो भाग आधी मेमरीत रचावा किंवा मोजावा लागतो.

चौथा खर्च सर्वांत फसवा असतो. ६४ बिटांच्या सीपायथॉनमध्ये एका सामान्य पूर्णांकाच्या वस्तूला २८ बाइट लागतात. हाच पूर्णांक मजकुरात दोन-चार बाइटांत मावलेला असतो. म्हणून फाइलीचा आकार पाहून ती उघडण्यास किती मेमरी लागेल याचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. जेसनची संपूर्ण फाइल वाचून तिच्यातील प्रत्येक नोंदीची स्वतंत्र वस्तू उभारली की मूळ फाइलीच्या कित्येक पट जागा व्यापली जाते.

मजकुरी स्वरूपे

मजकुरी स्वरूपांत संख्या, दिनांक, नावे असे सर्व काही अक्षरांच्या रूपात लिहिले जाते. माणसाला ते उघड्या डोळ्यांनी वाचता येते आणि दोष शोधणे सोपे जाते, हा त्यांचा मोठा गुण आहे. एक्सएमएल १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाले. जेसन हे जावास्क्रिप्टमधील वस्तू लिहिण्याच्या पद्धतीवरून डग्लस क्रॉकफर्ड यांनी रूढ केले. त्याचे सध्याचे इंटरनेट मानक २०१७ चे आहे आणि त्यानुसार परस्परांशी देवाणघेवाण करताना जेसन मजकूर यूटीएफ-८ या संकेतनातच असावा लागतो.

जेसनमधील मुख्य उधळपट्टी पुनरुक्तीची आहे. वर्गाच्या गुणपत्रकात स्तंभांची शीर्षके एकदाच वरच्या ओळीत लिहितात. जेसनच्या नेहमीच्या मांडणीत ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीत पुन्हा लिहावी लागतात. सीएसव्हीमध्ये शीर्षके एकदाच येतात, परंतु तेथे मूल्य संख्या आहे की मजकूर, रिकामी जागा म्हणजे 'माहिती नाही' की 'शून्य लांबीचा मजकूर', हे सांगण्याची निश्चित सोय नाही.

देवनागरी मजकुराचा आकार

मराठी विदेच्या बाबतीत या पुनरुक्तीची किंमत आणखी वाढते. यूटीएफ-८ संकेतनात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेतबिंदूला तीन. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे स्वतंत्र संकेतबिंदू असल्याने डोळ्यांना एक दिसणारे 'क्ष' हे अक्षर तीन संकेतबिंदूंचे म्हणजे ९ बाइटांचे होते. 'महाराष्ट्र' या शब्दात १० संकेतबिंदू आहेत, म्हणून तो ३० बाइट व्यापतो. यूटीएफ-१६ मध्ये तोच शब्द २० बाइटांत बसतो.

याहून महाग असा एक प्रकार आहे. जेसनमध्ये देवनागरीचा संकेतबिंदू सहा चिन्हांनी लिहिण्याची मुभा आहे: उलटी तिरकी रेघ, त्यामागे 'यू' हे रोमन अक्षर आणि पुढे चार षोडशमान अंक. अशा लेखनात 'महाराष्ट्र' ६० बाइटांचा होतो आणि वाचताही येत नाही. पायथॉनचे मानक जेसन साधन आणि पीएचपीचे जेसन फंक्शन या दोहोंची मूळ वर्तणूक अशीच आहे. वेगळा पर्याय दिल्याशिवाय ती देवनागरी अक्षरे थेट लिहीत नाहीत. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तिच्या एपीआयची जुनी जेसन मांडणीही मूळ वर्तणुकीत अशीच सहा चिन्हांची होती; तिच्या दुसऱ्या आवृत्तीत अक्षरे यूटीएफ-८ मध्ये थेट येतात. मराठी मजकूर पुरवणाऱ्या सर्व्हरवर एवढा एकच पर्याय बदलल्याने देवनागरी भागाचा आकार निम्म्यावर येतो. स्वरूप बदलण्याचा खटाटोप करण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. एका सारणीत जिल्हा, दिनांक व पर्जन्य असे तीन स्तंभ असून १० लाख ओळी आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक ओळीतील जिल्हा 'कोल्हापूर' म्हणजे २७ बाइटांचा, दिनांक वर्ष-महिना-दिवस असा १० चिन्हांचा आणि पर्जन्य दोन अंकी धरू. प्रत्यक्ष माहिती ३९ बाइटांची आहे. जेसनमध्ये स्तंभांची तीन नावेच दर ओळीला ५७ बाइट घेतात. कंस, अवतरणचिन्हे, विसर्ग-सदृश टिंबे आणि स्वल्पविराम धरून एक ओळ ११४ बाइटांची होते. संपूर्ण उत्तर ११ कोटी ४० लाख बाइटांचे. सहा चिन्हांचे लेखन वापरल्यास ओळ १९८ बाइटांवर व उत्तर १९ कोटी ८० लाखांवर जाते. नावे गाळून प्रत्येक ओळ साध्या यादीच्या रूपात पाठवली, तर जेसन असूनही ओळीला ४८ बाइट पुरतात. सीएसव्हीला ४२ लागतात. म्हणजे येथील मोठी बचत जेसन सोडल्याने होत नसून नावांची पुनरुक्ती थांबवल्याने होते.

जाता जाता नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की जेसनमधील संख्या केवळ आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिता येतात. देवनागरी अंकांत लिहिलेले मूल्य अवतरणचिन्हांत टाकावे लागते. तेव्हा ते संख्या न राहता मजकूर ठरते आणि प्रत्येक अंकाला तीन बाइट घेते.

विकिडेटाचे उदाहरण

विकिडेटाच्या क्वेरी सेवेला स्पार्कल या भाषेत प्रश्न विचारता येतात व उत्तर एक्सएमएल, जेसन, सीएसव्ही, टीएसव्ही यांपैकी हव्या त्या स्वरूपात मागता येते. स्पार्कलच्या जेसन स्वरूपात प्रत्येक चौकटीतील मूल्य ही एक छोटी वस्तू असते: तिच्यात मूल्याचा प्रकार आणि प्रत्यक्ष मूल्य, मजकूर असल्यास त्याची भाषाही. मूल्य एखादी विकिडेटा नोंद असेल तर तिचा पूर्ण वेबपत्ता लिहिला जातो. या पत्त्याचा सर्व नोंदींत समान असणारा आरंभीचा भाग ३१ बाइटांचा आहे, तर त्यापुढचा प्रत्यक्ष ओळखक्रमांक बहुधा दहा चिन्हांच्या आतच संपतो. महाराष्ट्राच्या नोंदीचा ओळखक्रमांक तर पाचच चिन्हांचा आहे. सीएसव्हीमध्ये हा पसारा पुष्कळ कमी होतो, पण त्यात मूल्य पत्ता होते की मजकूर, आणि मजकूर असल्यास मराठी होता की हिंदी, हे कळत नाही. टीएसव्हीमध्ये प्रकार व भाषा टिकून राहतात. बहुभाषी नावे गोळा करणाऱ्याला हा फरक ठाऊक असणे आवश्यक आहे.

द्विमान स्वरूपे

द्विमान स्वरूपांत संख्या अक्षरांनी न लिहिता तिचे बिट थेट ठेवले जातात. ही कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. दूरसंचार क्षेत्रासाठी एएसएन.१ ही पद्धत १९८४ मध्ये मानकबद्ध झाली आणि सन मायक्रोसिस्टिम्सच्या एक्सडीआरचे वर्णन १९८७ मध्ये इंटरनेटच्या मानकपत्रांत आले. एक्सडीआरमध्ये प्रत्येक मूल्य चार बाइटांच्या पटीत बसवले जाते. जागा थोडी वाया जाते, पण वाचणे सोपे होते. जागा आणि वेग यांतील ही देवघेव पुढील सर्व स्वरूपांत वेगवेगळ्या प्रमाणात आढळते.

गूगलने २००८ मध्ये खुले केलेले प्रोटोकॉल बफर्स जागेच्या बाजूने झुकते. त्यात पूर्णांक बदलत्या लांबीने लिहिला जातो: प्रत्येक बाइटातील सात बिट संख्येचे आणि उरलेला एक 'पुढे आणखी आहे' हे सांगणारा. १२७ पर्यंतच्या संख्या एका बाइटात, ३०० ही संख्या दोन बाइटांत मावते. याची दुसरी बाजू म्हणजे साध्या पूर्णांक प्रकारात ऋण संख्या लिहिली की ती दहा बाइट घेते; त्यासाठी धन-ऋण संख्या आलटूनपालटून मोजणारा वेगळा प्रकार वापरावा लागतो. स्तंभांची नावे पाठवलीच जात नाहीत. दोन्ही टोकांकडे आधीपासून असलेल्या आराखड्यात प्रत्येक स्तंभाला क्रमांक असतो आणि मालिकेत फक्त तो क्रमांक जातो. १ ते १५ क्रमांकांना एक बाइट पुरतो, म्हणून नेहमी लागणाऱ्या स्तंभांना हेच क्रमांक देण्याची रीत आहे. वरील पर्जन्याच्या उदाहरणात दिनांक दिवसांच्या संख्येने लिहिल्यास एक ओळ ३७ बाइटांत बसते, म्हणजे मूळ मजकुराच्या ३९ बाइटांपेक्षाही कमी.

या आटोपशीरपणाची किंमत दोन ठिकाणी द्यावी लागते. आराखडा हरवला तर मालिका जवळपास निरर्थक होते. क्रमांक ३ म्हणजे पर्जन्य होता हे बाइटांवरून कळत नाही. शिवाय आतील प्रत्येक संदेशाच्या आधी त्याची लांबी लिहावी लागत असल्याने ती आधी मोजणे भाग पडते. फार मोठ्या एकसंध संदेशांसाठी हे स्वरूप योजलेले नाही आणि एक मेगाबाइटहून मोठे संदेश होत असतील तर दुसऱ्या मार्गाचा विचार करावा, असे त्याचे अधिकृत दस्तऐवजच सांगतात. म्हणून लाखो ओळींचे उत्तर एका संदेशात कोंबण्याऐवजी छोट्या संदेशांच्या प्रवाहात पाठवतात.

मेसेजपॅक आणि सीबॉर या स्वरूपांना आराखडा लागत नाही. त्यांची घडण जेसनसारखीच असते, फक्त चिन्हांऐवजी बाइट असतात. नावे मात्र दर ओळीत राहतात, म्हणून एकसारख्या ओळींच्या मोठ्या उत्तरात त्यांची बचत अपेक्षेपेक्षा कमी भरते.

मोंगोडीबी वापरत असलेले बीसन हे द्विमान म्हणजे लहानच, या समजाला छेद देणारे आहे. एकाच नावाची आणि एकाच पाच अक्षरी मूल्याची छोटीशी जेसन वस्तू १७ बाइटांची असेल, तर तीच बीसनमध्ये २२ बाइटांची होते. बीसनमध्ये दस्तऐवजाची आणि मजकुराची लांबी आधी लिहिलेली असते, पूर्णांकाला चार किंवा आठ बाइट ठरलेले असतात आणि यादीतील घटकांचे अनुक्रमांकही नावांसारखे लिहिले जातात. जागा जास्त लागते. परंतु नको असलेला भाग न वाचता त्यावरून थेट उडी मारता येते. दस्तऐवजाच्या पोटातील एकच मूल्य पुन्हा पुन्हा हवे असणाऱ्या डेटाबेसला ही उडी बाइटांच्या बचतीपेक्षा मोलाची वाटते.

कॅप्न प्रोटो आणि गूगलचे फ्लॅटबफर्स ही स्वरूपे आणखी पुढे जातात. त्यांत मालिकेची मांडणीच अशी असते की उलगडणीची गरज उरत नाही. हवे ते मूल्य आलेल्या बाइटांतून जागेवरच वाचले जाते. क्लायंटकडील मेमरी वाचते, पण मूल्ये ठराविक सीमेवर बसवण्यासाठी मधे रिकामे बाइट भरावे लागतात आणि अनोळखी ठिकाणाहून आलेली मालिका वाचण्यापूर्वी तिच्यातील अंतरे खरी आहेत की नाहीत याची तपासणी करावी लागते.

स्तंभनिहाय मांडणी

आतापर्यंतची स्वरूपे ओळीमागून ओळ लिहितात. विश्लेषणासाठी विचारलेल्या क्वेरींत मात्र बहुधा काही मोजके स्तंभ आणि त्यांतील सर्व मूल्ये हवी असतात. तेथे एका स्तंभाची सर्व मूल्ये सलग ठेवणे फायद्याचे ठरते. २०१३ मध्ये ट्विटर व क्लाउडेरा यांच्या सहकार्यातून आलेले पार्के हे डिस्कवरील फाइलींसाठी, तर २०१६ मध्ये जाहीर झालेला अपाचे ॲरो हा प्रकल्प मेमरीतील मांडणीसाठी आहे. ॲरोची विशेषता अशी की मेमरीतील रचना आणि नेटवर्कवरील मालिका जवळपास एकच असते. त्यामुळे क्रमिकीकरणाचे काम बाइट उचलून पुढे देण्याइतके उरते.

ॲरोमध्ये प्रत्येक स्तंभाबरोबर एक बिटांचा नकाशा असतो. कोणती मूल्ये रिकामी आहेत हे त्यावरून कळते. मजकुराच्या स्तंभात सर्व शब्द एकापुढे एक चिकटवून ठेवतात आणि प्रत्येक शब्द कोठे सुरू होतो याची वेगळी यादी ठेवतात. वरील उदाहरणाची १० लाख ओळींची सारणी अशा मांडणीत सुमारे ३ कोटी ९४ लाख बाइटांची होते. पण जिल्ह्यांची नावे तर पुन्हा पुन्हा तीच येतात. महाराष्ट्रात जिल्हे ३६. तेव्हा नावांचा एक छोटा कोश करून प्रत्येक ओळीत फक्त कोशातील क्रमांक ठेवला, तर जिल्ह्याला एक बाइट पुरतो आणि सारणी सुमारे ९४ लाख बाइटांवर येते. जेसनच्या तुलनेत हा आकार बाराव्या हिश्श्याच्या आसपास आहे, आणि तोही कोणतेही संपीडन न करता. देवनागरी शब्दाची तीन-तीन बाइटांची भरपाई येथे फक्त कोशात, ३६ वेळाच करावी लागते.

हा लाभ मोठ्या उत्तरांचा आहे. एका ओळीचे उत्तर ॲरोमध्ये पाठवल्यास आराखड्याची व शीर्षभागाची माहितीच प्रत्यक्ष विदेहून मोठी होते. शिवाय स्तंभ भरण्यासाठी ओळींचा एक गठ्ठा सर्व्हरला मेमरीत जमा करावा लागतो. गठ्ठा मोठा केला तर वेग वाढतो आणि मेमरी जास्त लागते. लहान केला तर शीर्षभागांचा भार वाढतो.

ॲम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेतील मार्क रासवेल्ट व हानेस म्यूलआयझेन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात प्रचलित डेटाबेसांच्या क्लायंट प्रोटोकॉलांची तुलना केली. मोठे उत्तर हलवताना ओळनिहाय प्रोटोकॉल हाच मुख्य अडथळा होतो आणि स्तंभांच्या गठ्ठ्यांनी पाठवल्यास तो पुष्कळ कमी होतो, असे त्यांनी दाखवले. याच दोघांनी पुढे डकडीबी हा डेटाबेस घडवला. तो वेगळ्या सर्व्हरवर न चालता वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातच चालतो. पाठवणेच टाळले की पाठवण्याचा खर्चही टळतो.

पोस्टग्रेसमधील दोन निवडी

पोस्टग्रेसचा क्लायंट प्रोटोकॉल मूल्ये मजकुरी किंवा द्विमान अशा दोन्ही रूपांत देऊ शकतो. मूळ वर्तणूक मजकुरी आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी ७ बाइटांचे शीर्ष आणि प्रत्येक मूल्याआधी त्याच्या लांबीचे ४ बाइट असतात. पर्जन्याच्या उदाहरणातील ओळ मजकुरी रूपात ५८ बाइटांची, तर द्विमान रूपात ५४ बाइटांची होते. दिनांक दहावरून चार बाइटांवर येतो, पण दोन अंकी पर्जन्य दोनावरून चारांवर जातो. आकारातील फरक नाममात्र आहे. द्विमान रूपाचा खरा फायदा प्रोसेसरला होतो, कारण संख्येचे अंक करणे आणि अंकांची पुन्हा संख्या करणे ही दोन्ही कामे वाचतात.

दुसरी निवड साठवणुकीची. २०१२ च्या ९.२ आवृत्तीत आलेला जेसन प्रकार मजकूर जसाच्या तसा ठेवतो. त्यातील एखादे मूल्य हवे असेल तर दर वेळी तो पुन्हा उलगडावा लागतो. २०१४ च्या ९.४ आवृत्तीतील जेसनबी हा प्रकार तो मजकूर आत घेतानाच उलगडून द्विमान रूपात ठेवतो. लिहिताना थोडा वेळ जास्त लागतो. वाचताना तो भरून निघतो व त्यावर निर्देशांकही करता येतो. मात्र मोकळ्या जागा, नावांचा मूळ क्रम आणि एकच नाव दोनदा आले असल्यास पहिले मूल्य, हे सारे त्यात नाहीसे होते. आलेला दस्तऐवज पुरावा म्हणून अक्षरशः जपायचा असेल तेथे जेसनबी चालत नाही. मायएसक्यूएलने ५.७ आवृत्तीपासून आणि एसक्यूलाइटने २०२४ मध्ये अशीच द्विमान साठवण स्वीकारली.

संपूर्ण उत्तर की प्रवाह

सर्व्हरची मेमरी संपण्याच्या प्रसंगांत स्वरूपापेक्षा उत्तर कसे बांधले जाते याचा वाटा पुष्कळदा मोठा असतो. सर्व ओळी आधी यादीत गोळा करायच्या, मग त्या यादीचा एक लांब मजकूर करायचा आणि नंतर तो पाठवायचा, ही पद्धत लिहायला सोपी असल्याने फार पसरलेली आहे. अशा वेळी तीच विदा एकाच क्षणी तीन ठिकाणी असू शकते: डेटाबेसकडून आलेल्या रूपात, प्रोग्रॅमच्या वस्तूंच्या रूपात आणि तयार मजकुराच्या रूपात. वरील उदाहरणातील ११ कोटी बाइटांचे उत्तर दहा जणांनी एकाच वेळी मागितले की नुसते तयार मजकूरच एक अब्ज बाइटांच्या पुढे जातात.

यावर उपाय म्हणजे ओळ तयार झाली की ती सोडून देणे. जेसनला यात एक नैसर्गिक सोय आहे, कारण त्यात पुढची लांबी आधी सांगावी लागत नाही. प्रत्येक ओळीत एक स्वतंत्र जेसन वस्तू लिहिण्याची पद्धत यासाठीच रूढ झाली. क्लायंटलाही प्रत्येक ओळ उलगडून, वापरून टाकून देता येते. पोस्टग्रेसमध्येच संपूर्ण उत्तराचे एक जेसन मूल्य करणारी फंक्शने सोयीची असली तरी तेथे एका मूल्याची कमाल मर्यादा १ गिगाबाइट आहे आणि ते मूल्य पूर्ण होईपर्यंत सर्व्हरच्या मेमरीतच वाढत राहते.

सर्व्हरने प्रवाह सोडला तरी क्लायंट तो अडवू शकतो. पोस्टग्रेसची मूळ क्लायंट लायब्ररी न सांगता सगळे उत्तर स्वतःच्या मेमरीत साठवते आणि मगच पहिली ओळ देते. एकेक ओळ घेण्याची पद्धत वेगळी मागावी लागते. मायएसक्यूएलच्या लायब्ररीतही साठवून घेणे आणि येईल तसे वापरणे यांसाठी दोन वेगळी फंक्शने आहेत. मोंगोडीबी मुळातच गठ्ठ्यांनी उत्तर देते, पहिला गठ्ठा १०१ दस्तऐवजांचा असतो. तिच्या एका दस्तऐवजावर १६ मेगाबाइटांची मर्यादाही आहे. एकाच दस्तऐवजाने अवाजवी मेमरी खाऊ नये, हा तिचा एक हेतू.

प्रवाहाला एक अडचण आहे. वेबवरील उत्तराच्या आरंभीच 'सर्व ठीक' असा संकेतांक जातो. नऊ लाख ओळी गेल्यावर सर्व्हरवर चूक झाली, तर तो संकेतांक मागे घेता येत नाही. क्लिकहाउस या डेटाबेसमध्ये अशी चूक उत्तराच्या मजकुरातच शेवटी लिहिली जाते. ती टाळायची असल्यास संपूर्ण उत्तर सर्व्हरवर आधी साठवण्याचा पर्याय निवडावा लागतो. म्हणजे मेमरी वाचवायची की चुकीची खबर वेळेवर द्यायची, असा हा पेच आहे. अर्धवट यादी पूर्ण समजून वापरली जाण्याचा धोका लक्षात घेता, प्रवाहाच्या शेवटी ओळींची एकूण संख्या किंवा समाप्तीची खूण पाठवणे आणि क्लायंटने ती तपासणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

संपीडन

जीझिप, एलझेड४, झेडस्टँडर्ड यांसारख्या पद्धती पुनरुक्ती शोधून ती आखूड करतात, म्हणून जेसनमधील स्तंभांची नावे त्यांत जवळजवळ विरघळून जातात. 'संपीडन आहे, मग स्वरूप कोणतेही चालेल' हा युक्तिवाद नेटवर्कपुरता बऱ्याच अंशी खरा आहे. पण संपीडनापूर्वी तो सर्व मजकूर सर्व्हरवर तयार व्हावाच लागतो आणि क्लायंटकडे तो पुन्हा पूर्ण फुगतो. एकाच दालनातील, वेगवान नेटवर्कने जोडलेल्या दोन सर्व्हरांमध्ये संपीडनाचा वेळ पाठवण्याच्या वेळाहून जास्त भरू शकतो. मोबाइल फोनवर मात्र तेच संपीडन उपकारक ठरते.

उलगडणीचा वेग

जेसन उलगडणे संथ असते ही धारणा २०१९ मध्ये जेफ लँगडेल व डॅनियल लेमायर यांनी मांडलेल्या सिमडीजेसन या साधनाने बरीच बदलली. एका वेळी अनेक बाइटांवर एकच क्रिया करणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा वापरून त्यांनी एका गाभ्यावर सेकंदाला गिगाबाइटांच्या पातळीवर जेसन उलगडून दाखवले. तरीही उलगडल्यानंतर मूल्यांच्या स्वतंत्र वस्तू उभारण्याचा खर्च त्यामुळे टळत नाही.

अचूकता आणि सुरक्षितता

जेसनच्या मानकात संख्येच्या अचूकतेवर बंधन नाही, पण जावास्क्रिप्ट सर्व साध्या संख्या ६४ बिटांच्या तरंगबिंदू रूपात वाचते. २ च्या ५३ व्या घातापुढे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे, लगतच्या दोन पूर्णांकांत तिला फरक करता येत नाही. डेटाबेसमधील ६४ बिटांचा ओळखक्रमांक असा प्रवास करून आला की शेवटचा अंक कोणतीही सूचना न मिळता बदललेला असू शकतो. ट्विटरने याच कारणासाठी आपल्या एपीआयमध्ये ओळखक्रमांक संख्येबरोबरच मजकुराच्या रूपातही देण्यास सुरुवात केली होती. खाते क्रमांक, आसन क्रमांक, दूरध्वनी क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही; ते मजकूर म्हणूनच पाठवावेत. पैशांच्या रकमांनाही ही काळजी लागते, कारण ०.१ ही दशांश संख्या द्विमान तरंगबिंदू रूपात नेमकी लिहिता येत नाही.

चित्रे किंवा स्वाक्षऱ्यांसारखी कच्ची द्विमान विदा जेसनमध्ये थेट बसत नाही. ती बेस-६४ पद्धतीने अक्षरांत बदलावी लागते. त्यात दर तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे आकार एक-तृतीयांशाने वाढतो. द्विमान स्वरूपांत हा भुर्दंड नसतो.

प्रोग्रॅमिंग भाषांची स्वतःची क्रमिकीकरण स्वरूपे, उदाहरणार्थ पायथॉनचे पिकल, वापरायला सर्वांत सोपी असतात, कारण कोणतीही वस्तू जशीच्या तशी बांधता येते. परंतु पिकल उलगडताना मालिकेत दडवलेली आज्ञा संगणकावर चालवली जाऊ शकते. अविश्वसनीय स्रोताकडून आलेले पिकल कधीही उलगडू नये असा स्पष्ट इशारा पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजात आहे. सर्व्हर आणि क्लायंट यांच्यामधल्या उघड्या मार्गावर अशी स्वरूपे वापरली जात नाहीत. विदेपुरतीच मर्यादित असलेल्या स्वरूपांतही मालिकेत लिहिलेल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवून तेवढी मेमरी आधीच राखून ठेवणे धोक्याचे असते, कारण चार बाइटांत लिहिलेली खोटी लांबी अब्जावधी बाइटांची मागणी करू शकते. म्हणून उलगडणी करणाऱ्या साधनांत संदेशाच्या आकारावर आणि एकात एक असलेल्या रचनांच्या खोलीवर कमाल मर्यादा घातलेली असते.